काटे असलेली आणि नसलेली: एकच गोगलगाय की दोन जाती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चजवळच्या एका ओढ्यातून आणि एका तळ्यातून गोळा केलेल्या छोट्या गोगलगायींत दोन तऱ्हेचे शंख निघाले. काहींवर वेटोळ्याच्या मधोमध काट्यांची रांग आहे, काही अगदी गुळगुळीत आहेत. बाकी रंगरूप साधारण सारखंच. या दोन जाती धरायच्या का? इंग्लंडच्या जुन्या पुस्तकात ‘हायड्रोबिया जेन्किन्साय’ नावाखाली हुबेहूब असंच चित्र दिसतं, ती तिसरी का? आणि सुट्टीत कोल्हापूरला गेल्यावर पंचगंगेतल्या बारक्या गोगलगायींना हीच पद्धत लावता येईल का?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे: पोटॅमोपायर्गस अँटिपोडारम. गोड्या पाण्यातला नमुना आणि तुम्ही केलेलं वर्णन पाहता काटेवाली तीच, बिनकाट्याची तीच आणि जेन्किन्सायही तीच. पण सगळं एकच आहे म्हणून दोन्ही बाटल्या एकत्र ओतू नका. काट्यांवरून जात ठरत नसली तरी कोणत्या पाण्यात काटेवाल्या किती हे नोंदवण्यासारखं असतं, आणि ओढा नि तळं एकदा मिसळलं की ते पुन्हा वेगळं करता येत नाही.

आता शंख नीट पाहू. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या हाताला आलं पाहिजे. डावीकडे आलं तर ती बहुतेक फायसेला अक्युटा. बाहेरून आलेली ही गोगलगाय न्यूझीलंडच्या ओढ्यांत भरपूर आहे आणि तिला शंखाचं तोंड बंद करणारं झाकणही नसतं, त्यामुळे ती इथेच बाजूला काढता येते. अँटिपोडारमचा शंख उभट, शंकूच्या आकाराचा असतो आणि सहसा पाच-सहा वेटोळी दिसतात, मोठ्या शंखात सात-आठही. वेटोळी फुगीर असतात आणि त्यांच्यामधली खाच चांगली खोल असते. तोंड अंडाकृती, वरच्या बाजूला किंचित निमुळतं, आणि त्याची उंची वरच्या वेटोळ्यांच्या मनोऱ्यापेक्षा कमी. बेंबी म्हणजे खालच्या बाजूची ती भोकासारखी जागा बंद असते, नाहीतर जेमतेम एक चीर. साधारण प्रौढ शंख तांदळाच्या दाण्याएवढा भरतो. न्यूझीलंडात १२ मिलिमीटरपर्यंत वाढलेले शंख मिळतात. युरोप-अमेरिकेत ४ ते ६ मिलिमीटरच्या पुढे फारसे जात नाहीत.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. मूळ शंख फिकट शिंगाच्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत कसाही असतो, आणि वरून शेवाळाचा किंवा लोहाचा थर बसला की काळाकुट्ट दिसतो. माझ्याकडे ओळख पटवायला येणाऱ्या नमुन्यांत ‘काळी जात’ आणि ‘पिवळी जात’ अशा चिठ्ठ्या नेहमी असतात. मऊ ब्रशने दोन मिनिटं घासलं की बऱ्याचशा काळ्या जाती पिवळ्या होतात.

काट्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. शंखाचा मुख्य भाग चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर सेंद्रिय पदार्थाची पातळ साल असते, तिला पेरिऑस्ट्रॅकम म्हणतात. या गोगलगायीचे काटे त्या सालीचेच बनलेले असतात, चुन्याचे नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली शेवटचं वेटोळं तोंडाच्या कडेपासून मागे मागे पाहत जा. कडेजवळचे काटे ताजे, टोकदार, सालीच्याच पिवळट-तपकिरी रंगाचे दिसतील. अर्धा फेरा मागे गेलात की टोकं झिजलेली, आणि वरच्या जुन्या वेटोळ्यांवर नुसते खुंट, तेही सलग नाहीत. काही शंखांत काट्यांच्या रेषेखाली चुन्याचाही बारीक कंगोरा असतो, काहींत कंगोरा असतो पण काटे नसतात, तर काहींत दोन्ही नसतं. ‘काटेरी’ आणि ‘गुळगुळीत’ या दोन टोकांच्या मध्ये असे सगळे नमुने सापडतात. खात्री करायची तर वाया गेला तरी चालेल असा एक काटेरी शंख पातळ ब्लीचमध्ये थोडा वेळ ठेवा. साल विरघळते, काटे जातात आणि तुमची ‘दुसरी जात’ तुमच्या डोळ्यांदेखत पहिली होते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ओढ्याच्या काठावर पडलेल्या रिकाम्या शंखांवरून काटेवाल्यांचं प्रमाण काढू नका. जनावर मेल्यावर साल कुजते, वाळूत घासली जाते. मोजायच्या त्या जिवंत पकडलेल्याच.

नावांची कहाणी याच काट्यांमुळे लांबली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४३ मध्ये न्यूझीलंडच्या शंखांवरून अॅम्निकोला अँटिपोडारम हे नाव दिलं. चारच वर्षांनी, १८४७ मध्ये, अमेरिकेत ऑगस्टस गूल्ड यांनी न्यूझीलंडच्याच काटेरी शंखाला मेलॅनिया कोरोला म्हटलं. कोरोला नावाचा तो शंख घेऊन विल्यम स्टिम्पसन यांनी १८६५ मध्ये पोटॅमोपायर्गस हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, उभा केला. म्हणजे जीनसचा पायाच एका काटेरी शंखावर आहे. पुढे कोरोला आणि अँटिपोडारम एकच ठरल्यावर जातीचं नाव जुनं राहिलं, कारण नियमाने आधीचं नाव वरचढ, आणि जीनस स्टिम्पसन यांचा राहिला. आज ग्रे आणि १८४३ हे कंसात लिहितात ते याचसाठी: मूळ लेखकाने ती जात दुसऱ्या जीनसमध्ये ठेवली होती. कंस गाळला तर अर्थ बदलतो, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधात तो दर दुसऱ्या पानावर गाळलेला असतो.

इंग्लंडचा धागा वेगळा सुरू झाला. टेम्स नदीच्या मुखाकडच्या मचूळ पाण्यातल्या शंखांवरून एडगर स्मिथ यांनी १८८९ मध्ये हायड्रोबिया जेन्किन्साय ही जात वर्णिली. नाव संग्राहक जेन्किन्स यांच्यावरून. त्यातल्या कंगोरेवाल्या शंखांना मार्शल यांनी ‘कॅरिनाटा’ हा प्रकार ठरवून टाकला. त्या काळच्या अभ्यासकांना ही इंग्लंडचीच गोगलगाय वाटली, आणि ती खाडीतून वर सरकत गोड्या पाण्यात शिरतेय, म्हणजे उत्क्रांती डोळ्यांसमोर घडतेय, अशीही चर्चा झाली. वस्तुतः ती जगाच्या दुसऱ्या टोकाहून आली होती. मायकल विंटरबर्न यांनी १९७० मध्ये न्यूझीलंडच्या पोटॅमोपायर्गसचा ढीगभर नावांचा पसारा आवरून तीन जाती ठेवल्या, आणि १९७२ मध्ये इंग्लंडच्या शंखांशी त्यांची तुलना केली. हे विंटरबर्न पुढे तुमच्या क्राइस्टचर्चच्याच कँटरबरी विद्यापीठात प्राध्यापक होते. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे विन्स्टन पाँडर यांनी १९८८ मध्ये जेन्किन्साय हे अँटिपोडारमचंच दुसरं नाव असल्याचं पक्कं केलं. जहाजांवरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपांतून ती पसरली असावी, असा त्यांचा अंदाज. तुमचं जुनं पुस्तक यापूर्वीचं आहे, एवढाच त्या तिसऱ्या नावाचा अर्थ.

कुळही बदललं आहे. जुन्या याद्यांत हायड्रोबिइडी दिसेल. रेणवीय अभ्यासांनंतर आता ती टॅटिइडी कुळात आहे. याद्या जुळवताना हे लक्षात ठेवा.

एकाच जातीत इतका फरक का, याचं अर्धं उत्तर तिच्या प्रजननात आहे. आर्थर बॉयकॉट यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडच्या गोगलगायी बाटल्यांत एकएकट्या वाढवल्या आणि त्यांना नराशिवाय पिल्लं होतात हे दाखवलं. युरोपात सापडतात त्या जवळजवळ सगळ्या माद्या. नर इतका दुर्मीळ की १९५८ मध्ये टेम्सवर सॉनिंग इथे एक नर सापडल्यावर त्यावर स्वतंत्र निबंध निघाला, लेखक ए. एम. पाटील. ते कुठले होते ते त्या निबंधावरून समजत नाही, पण संदर्भयादीत हे आडनाव आलं की मला दरवेळी बरं वाटतं. शिवाय तो नर होता ‘कॅरिनाटा’चा, म्हणजे कंगोरेवाल्यांतलाच.

मादीची पिल्लं आईची जनुकीय नक्कल असतील तर एका मादीपासून निघालेली अख्खी वसाहत एका साच्याची दिसते, शेजारची दुसऱ्या साच्याची, आणि दोघी आपसांत मिसळत नाहीत. नुसता शंख पाहणाऱ्याला या दोन जातीच वाटणार. वॉरिक यांनी १९४४ मध्ये कंगोऱ्याच्या आनुवंशिकतेवर लिहिलं, पुढे ब्रिटनमधल्या गोगलगायींचे रंग आणि आकारावरून ए, बी, सी असे तीन वाण पाडले. १९९२ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग झालं तेव्हा हे तीन वाण खरोखरच तीन वेगवेगळे क्लोन, म्हणजे एकेका मादीपासून निघालेले एकसाची वंश, निघाले. शंख पाहून कामच होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. वॉरिक यांची नजर अचूक होती. त्यांनी पाहिलेला फरक खरा होता, फक्त तो जातीच्या पातळीवरचा नव्हता.

न्यूझीलंडात मामला आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे नर-मादीने प्रजनन करणाऱ्या डिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) आणि एकट्याने प्रजनन करणाऱ्या ट्रिप्लॉइड (तीन संच असलेल्या) गोगलगायी एकाच तळ्यात शेजारी शेजारी राहतात. दक्षिण बेटावरच्या अलेक्झांड्रिना तळ्यात कर्टिस लाइव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं आहे. लैंगिक प्रजनन टिकून का राहतं हा त्यांचा मूळ प्रश्न, आणि उत्तरात मायक्रोफॅलस नावाच्या परजीवी कृमीचा मोठा वाटा. शंखावरून डिप्लॉइड कोणती नि ट्रिप्लॉइड कोणती ते सांगता येत नाही. त्यामुळे तुमच्या तळ्यात किती क्लोन आहेत हे मला कोणी फोटोवरून विचारलं तर मी उत्तर देत नाही.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग परिस्थितीचा. मार्टिन हासे यांनी २००३ मध्ये न्यूझीलंडच्या दोन डोंगरी ओढ्यांत एकाच प्रवाहाच्या कडेने वरून खाली नमुने घेतले, तर शंखाचा आकार टप्प्याटप्प्याने बदलत गेलेला दिसला. ओढ्याच्या दोन टोकांचेच शंख कुणी तुमच्या हातात दिले असते तर तुम्ही दोन ढिगाऱ्या केल्या असत्या. तुमच्या ओढा-तळं तुलनेतही हीच मेख आहे, म्हणून मधल्या जागांचे नमुने जरूर घ्या.

मग जात ठरवायची कशावरून? शंखाने सुरुवात करा, पण शेवट शंखाने करू नका. पहिली तपासणी झाकणाची. अँटिपोडारमचं झाकण पातळ, पारदर्शक, शिंगासारख्या पदार्थाचं असतं. त्यावर मोजकेच वळसे असतात आणि वळशांचा केंद्रबिंदू मधोमध नसून एका कडेला असतो. जनावर शंखात ओढलं गेलं असेल तर झाकण तोंडाच्या जरा आत दिसतं; सुईच्या टोकाने एका बाजूने उचलायचं, ओढायचं नाही.

दुसरी तपासणी पोटातली, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात खात्रीची. साडेतीन-चार मिलिमीटरच्या पुढची एक मादी घ्या, बारीक चिमट्याने शेवटच्या वेटोळ्याचा शंख तोंडाकडून तुकड्या-तुकड्याने मोडत जा आणि शरीर मोकळं करा. उजव्या अंगाला अंडनलिकेचा पुढचा भाग फुगून पिशवी झालेला दिसेल. ती हलकेच फाडली की आत वेगवेगळ्या वयाची पिल्लं: मागच्या टोकाला नुसते पांढरट गोळे, पुढे येऊ तसे अर्धा मिलिमीटरचे पूर्ण बनलेले शंख, आतला काळा डोळा दिसेल इतके स्पष्ट. ही गोगलगाय अंडी घालत नाही, पिल्लं बाहेर सोडते. विंटरबर्न यांनी ठेवलेल्या उरलेल्या दोन जाती, एस्ट्युअरिनस आणि प्युपॉइडिस, खाडीच्या मचूळ पाण्यातल्या आहेत आणि अंडी घालतात. एस्ट्युअरिनसचा शंख अँटिपोडारमच्या इतका जवळ जातो की खाडीजवळचा नमुना असेल तर पोट उघडल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. हासे यांनी २००८ मध्ये न्यूझीलंडच्या या गटाची पुन्हा उजळणी करून पोटॅमोपायर्गसमध्ये आणखी जाती वर्णिल्या, तेही शंख, शरीररचना आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए एकत्र पाहून.

इथे एक सावधगिरी. पिशवी रिकामी सापडली म्हणून लगेच दुसरी जात समजू नका. मायक्रोफॅलससारख्या कृमींची लागण झालेली गोगलगाय वांझ होते. आत पिल्लांऐवजी कृमींच्या गोल गोल पुटक्या भरलेल्या असतात आणि नवख्याला त्याच पिल्लं वाटतात. पिल्लाला शंख असतो, पुटकीला नसतो. नर असेल तर अर्थातच पिशवी नाही. डोक्यामागे मानेवर लांबट, साधं लिंग दिसतं. म्हणून एकच मादी उघडून निकाल देऊ नका, दहा-बारा तरी उघडा.

न्यूझीलंडबाहेर हीच गोगलगाय ओळखायची वेळ आली तर सोबतीच्या गोगलगायी बदलतात. इंग्लंडच्या खाड्यांत पेरिंजिया उल्वी असते. तिची वेटोळी चपट्या बाजूंची आणि स्पर्शिकेच्या टोकाजवळ काळा पट्टा. बिथिनिया या दुसऱ्या गोगलगायीचं पिल्लू असेल तर झाकण चुन्याचं, जाड, पांढरट. अमेरिकेत आयडाहोच्या स्नेक नदीत ही १९८७ मध्ये सापडली, आणि तिथे तिच्याच मापाच्या स्थानिक जाती आहेत, काही संरक्षित. तिथे चुकीची ओळख नुसती कागदावरची चूक राहत नाही.

पंचगंगेचं काय? पद्धत तीच, अपेक्षा वेगळ्या. महाराष्ट्रातल्या नद्या-तळ्यांत या मापाच्या उभट गोगलगायी सापडल्या तर आधी दोन गटांचा विचार करा. एक बिथिनिइडी कुळातल्या, गॅबिया किंवा डिगोनिओस्टोमासारख्या: झाकण चुन्याचं आणि त्यावर एकात एक वर्तुळं. दुसरा गट थियारिडी, विशेषतः मेलॅनॉइडिस ट्युबर्क्युलाटाची पिल्लं. ही जात म्युलर यांनी १७७४ मध्ये आपल्याकडच्याच कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून वर्णिली. ती पुष्कळदा फसवते, कारण तीही नराशिवाय प्रजनन करते, तीही पिल्लं पोटात वाढवते आणि तिचंही झाकण शिंगासारखं. पण शंख जास्त निमुळता, त्यावर उभ्या-आडव्या रेघा आणि बहुधा तांबूस ठिपके. शिवाय तिची पिल्लांची पिशवी अंडनलिकेत नसून मानेच्या भागात असते. म्हणजे दोघींनी एकच युक्ती वेगवेगळ्या अवयवातून साधली आहे. पिशवी कुठे आहे ते पाहिलंत की कुळ कळतं. आणि कृपा करून क्राइस्टचर्चच्या गोगलगायी तुलनेसाठी जिवंत घेऊन जाऊ नका. ओल्या बुटात, जाळीत त्या बरेच दिवस तगतात, आणि नवी वसाहत सुरू व्हायला एक मादी पुरते. जाळी आणि बूट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून, कोरडे करून मगच बॅगेत भरा.

मापांबद्दल शेवटचं. सगळे शंख एकाच स्थितीत ठेवून फोटो काढा: अक्ष उभा, तोंड समोर. थोडासा कललेला शंख रुंदीत सहज दहा टक्के फसवतो. माती किंवा प्लॅस्टिसिनवर टेकवला की हलत नाही. उंची, रुंदी, तोंडाची उंची आणि वेटोळ्यांची संख्या एवढं पुरे. टोक झिजलेलं असेल तर उंची लिहू नका, नुसती शेवटच्या वेटोळ्याची मापं घ्या. काट्यांसाठी ‘आहे-नाही’ ऐवजी चार खाने करा: काटे, झिजलेले खुंट, नुसता कंगोरा, काहीच नाही. निम्मे नमुने ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, म्हणजे पुढे कधी डीएनए पाहावासा वाटला तर वाट बंद होणार नाही. फॉर्मॅलिन वापरू नका. त्याने डीएनए खराब होतो आणि ते आम्लधर्मी झालं की काही महिन्यांत शंखही खातं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेरची चिठ्ठी इथेनॉलने पुसून जाते. तळ्याची खोली आणि ओढ्याचा वेग त्याच चिठ्ठीवर लिहा.